माझा कोणावरही संशय नाही

आप्पांनी खोटं सांगितलं. जमादाराने ते खोटं आहे हे ओळखून लिहून घेतलं. आणि मी दोघांच्या मधे खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होतो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. वांग्याच्या भरताचं निमित्त काढून मी नाशिकहून गावाला गेलो होतो. थंडी अशी की ओट्यावर ऊन येईपर्यंत कोणी गोधडी सोडत नव्हतं. अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला, काकूने वांगी धुऊन पाटीत ठेवलेली, आणि घरात बोलणं एकच, केबलचं. आदल्या आठवड्यात शिवारातल्या पाच विहिरींवरच्या केबली एका रात्रीत गेल्या होत्या. गव्हाला दुसरं पाणी द्यायची वेळ, लाईट रात्रपाळीची, आप्पा बॅटरी घेऊन विहिरीवर गेले तर स्टार्टरच्या पेटीतून नुसते दोन बोटं वायरीचे तुकडे लोंबत होते. खाली नाल्याकाठी रबर जळाल्याचा वास दोन दिवस हलला नव्हता. मीही जाऊन पाहून आलो. काळ्या राखेचं गोल रिंगण, त्यात वितळून गोळा झालेलं प्लास्टिक. तांबं तेवढं भंगारात गेलेलं. चोराला त्यातून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट शेतकऱ्याला नवीन केबलीला मोजावं लागतं, आणि पाण्याची पाळी चुकते ती वेगळीच.

चोर कोण ते आप्पांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. स्टार्टरच्या पेटीची कडी गेली पाच-सहा वर्षं तुटलेली आहे. आप्पा तिला तारेने बांधतात, दोन वेढे, मग खालून एक गाठ, मग उरलेलं टोक आत खोचायचं, म्हणजे हाताला लागत नाही. ज्याने केबल नेली त्याने जाताना पेटी बंद करून तार तशीच बांधली होती, टोक आत खोचून. कापणाऱ्याला अंधारात घाई असणार, तरी हात सवयीने वळला. त्या विहिरीवर लहानपणापासून पोहलेल्या, पाणी भरलेल्या माणसाशिवाय ही गाठ कोणी मारणार नाही. आप्पांनी ती मला दाखवली आणि म्हणाले, "हाई त्यानंच काम शे." 'तो' म्हणजे आमच्याच भाऊबंदांतला. त्याचं नाव मी इथेही घेत नाही. म्हणजे बघा.

तक्रार शेजारच्या मळेवाल्याने दिली होती. आप्पा फक्त साक्षीदार. जमादार घरी आला त्याचं कारणही कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून जी नवी संहिता लागू झाली तिच्यानुसार साठीच्या वरच्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी जावं लागतं. पूर्वी ही मर्यादा पासष्टची होती. आप्पा एकाहत्तरचे. त्यांना हे काही माहीत नव्हतं, त्यांना वाटलं पोलीस दारात आला म्हणजे काहीतरी अंगावर आलं. काकूने वांग्यांची पाटी उचलून आत नेली. का नेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बठा साहेब," आप्पा म्हणाले. समोरचा माणूस पस्तिशीचा असेल. त्याने बूट ओट्याखाली काढले. (हे मला उगाचच आवडलं.) आणि म्हणाला, "साहेब काय म्हंतस आप्पा, मी पारोळाकडला शे."

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे वाक्य सहज आलेलं नव्हतं. आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला की आधी पाणी आणि पाण्यामागून एक प्रश्न येतो, "कोना पोऱ्या शे रे तू?" मग गाव, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि पाचव्या मिनिटाला कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत दोन्ही घरं शेजारी बसलेली निघतात. आप्पा तर यात वस्ताद. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला अमळनेर येईपर्यंत सोयरा करून सोडतात. जमादाराने पारोळ्याचं नाव काढलं ते या खेळासाठीच होतं, त्याने पान टाकलं होतं. आप्पांनी उचललं नाही. "हां हां," म्हणाले आणि चहाचं सांगायला वळले.

मग जबाब सुरू झाला. आप्पा अहिराणीत बोलत होते आणि जमादार त्याचं त्या वेगळ्याच मराठीत रूपांतर करत होता, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात सापडते आणि ठाण्याबाहेर कोणी बोलत नाही. "समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहतो व शेती करून उदरनिर्वाह करतो." आप्पा म्हणाले, वायर कापी ली गयात. कागदावर आलं, "कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेली." आप्पांनी 'लबाडीच्या इराद्याने' हे शब्द ऐकून मान डोलावली, जणू कुणी त्यांच्या मनातलं बोललं. पॅडवर फुलस्केप कागद, निळं बॉलपेन, अक्षर मात्र सुरेख, शाळामास्तराचं असावं तसं.

शेवटी त्याने पेन उचललं आणि पुन्हा अहिराणीवर आला. "कोनावर संशय शे का आप्पा?"

आत काकूचं सुपातलं पाखडणं थांबलं. आप्पांनी समोरच्या निंबाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "नही. मना कोनावर संशय नही." जमादाराने लगेच लिहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. बिस्कीट तुटून तळाला गेलं होतं. मग त्याने लिहिलं, "माझा कोणावरही संशय नाही," आणि वाचून दाखवलं.

"सही कोठे करू?" आप्पांनी विचारलं. सातवी पास माणूस, सही देवनागरीत करतात, वर ठसठशीत रेघ ओढून. जमादार म्हणाला, सही नको, साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. आप्पांना हे पटेना. ते म्हणाले, मी बोललो, तुम्ही लिहिलं, मग सही का नको? जमादाराने सांगितलं की कायदाच तसा आहे. पोलिसांनी दमदाटी करून सही घेतली असेल अशी शंका राहायला नको म्हणून. आणि आरोपीने आमच्यासमोर गुन्हा कबूल केला तरी ते कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आप्पा विचारात पडले. मग अगदी निरागसपणे म्हणाले, "म्हंजे सरकारनाबी तुमनावर भरोसा नही?"

जमादार हसला. मोठ्याने, खरं हसला. "नाही ना आप्पा. सरकारचा नाही, कोर्टाचा नाही. तुमचा तरी कुठे आहे?"

हे वाक्य माझ्याबरोबर नाशिकला आलं.

त्याचं म्हणणं तपासून पाहिलं तर शब्दशः खरं आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालणार नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम. इंग्रजांनी स्वतः उभ्या केलेल्या पोलिसांबद्दल स्वतःच लिहून ठेवलेलं. दीडशे वर्षांनी नवा कायदा आला, कलमाचा आकडा तेवीस झाला, मजकूर राहिला. काढून टाकावा असं मी म्हणत नाही. ठाण्याच्या मागच्या खोलीत काय होतं हे ज्यांच्या घरातलं कुणी आत गेलंय त्यांना विचारा. पण त्या जमादाराच्या जागी बसून पाहिलं तर कसं वाटत असेल? आपण ज्याची नोकरी करतो त्याच्या पोथीतच लिहिलंय की हा सांगेल ते खरं धरू नका.

आप्पा खोटं का बोलले, याचं सरळ उत्तर 'भाऊबंदकी'. पोरगं घरचं, नाव घेतलं तर सात पिढ्यांचं वैर. पण तेवढंच असतं तर मला इतकं लागलं नसतं. संध्याकाळी शेकोटीपाशी शेजारचे एक आजोबा बसले होते, त्यांनी हिशेब मांडला, "नाव लिधं तं वैर, नही लिधं तं चकरा." आणि मग हळूहळू आप्पा बोलले. पोलीस काही करणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. आणि पोलीस फार करतील, अशीही भीती होती. दोन्ही एकाच वेळी. नाव दिलं आणि काहीच झालं नाही तर तो पोरगा उद्या ओट्यासमोरून मिशीला पीळ देत जाईल. आणि झालं तर उचलून नेऊन असं मारतील की जन्माचा अधू होईल, सत्तर फूट केबलीपायी. मधलं काही, म्हणजे जेवढा गुन्हा तेवढीच कारवाई, अशी शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हतीच. खान्देशातला माणूस व्यापाऱ्याला शिव्या देतो ते भाव कमी दिला म्हणून जितक्या, त्याहून जास्त काटा मारला म्हणून. भाव पडला तर नशीब म्हणेल. पण कापसाची गाडी काट्यावर चढली आणि आकड्यावर विश्वास नसला की घरी येईपर्यंत जेवण जात नाही. पोलिसांच्या बाबतीत आप्पांचं दुखणं हेच आहे. त्यांना मापाचा भरवसा नाही.

ही भीती शिकलो कुठे, ते मला पक्कं आठवतं. आई भाकरीचा काला भरवताना म्हणायची, "खाय, नही तं पोलीस ली जाई." बागुलबुवा आमच्या घरात नव्हताच, त्याची जागा खाकीने घेतली होती. पुढे शाळेत सप्टेंबरमध्ये दरवर्षी शिरीषकुमारवर भाषण. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार, हातात झेंडा घेतलेली पोरं आणि समोर पोलिसांच्या बंदुका. पाच जण गेले. मी सहावीत ते भाषण आरोळी ठोकून केलं होतं आणि बक्षीस म्हणून पट्टी-पेन्सिल मिळाली होती. इंग्रजांचे पोलीस, असं गुरुजी दोनदा सांगायचे. पण आमच्या डोळ्यांसमोर जो पोलीस यायचा तो बाजारातलाच, मराठी बोलणारा, भरताचं वांगं उचलून पिशवीत टाकणारा. त्या वयात मुलाला हा फरक समजावून सांगणं अवघडच. आजोबा तर चिमठाण्याच्या खजिन्याची गोष्ट अशी रंगवून सांगायचे, की १९४४ साली सरकारी खजिना लुटणाऱ्यांत ते स्वतः असावेत. ते नव्हते. पण त्या गोष्टीत पोलीस कायम हरणारे होते आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

गंमत अशी की याच मुलखात सगळ्यात झणझणीत डाळीला फौजदारी डाळ म्हणतात. नाव का पडलं याच्या घरागणिक वेगळ्या गोष्टी. काकू म्हणते, खाल्ल्यावर आरोपीसारखा घाम फुटतो म्हणून. आप्पांच्या मते दौऱ्यावरच्या फौजदारासाठी पोलीस पाटलाच्या घरी ती शिजायची. खरं-खोटं सोडा. भीती पण आमची आणि पंगत पण आमचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, पैशांवर, उघड्यावर, आणि ठाण्याची गाडी त्या दिवशी गावाच्या अलीकडून वळते हे शेंबडं पोरही सांगेल. कधी कधी मात्र वळत नाही. मग धरपकड होते, आणि लोकांचा राग जुगार पकडल्याचा नसतो. 'मागल्या साली सोडलं, यंदा का पकडलं', याचा असतो. पुन्हा मापच.

दोन दिवसांनी मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा कळलं, भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, दोन पोरं चौकशीला नेलीत.

हे लिहिताना मला थांबावं लागलं, म्हणून तुम्हालाही थांबवतो. आप्पांनी 'संशय नाही' म्हटलं, बाकीच्या चौघांनीही तेच म्हटलं असणार. चोरी तर झालेली. वरून विचारणा होणार, डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या, पोरांना काहीतरी दाखवावं लागणार. ज्या कागदावर कुणाचंच नाव नसतं त्या कागदावर कुणाचं नाव आपोआप येतं, हे खान्देशात दोनशे वर्षं ठरलेलं आहे. १८२५ साली औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली, ठाणं धरणगावला. डोंगरातून लुटायला उतरणाऱ्यांनाच पगार देऊन राखणीला बसवायचं, अशी युक्ती. शाळेच्या पुस्तकात हे 'विश्वास संपादन केला' असं येतं. विश्वास होताच, पण कामापुरता. सेंधव्याच्या घाटावर पहारा देणारा खाज्या नाईक १८५७ ला उलटला, आणि १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईनंतर भिल्ल म्हणजे पुन्हा संशयित. त्यानंतर इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवायचा कायदा केला. तो १९५२ ला गेला. डोक्यातून काढायची तारीख अजून कोणी ठरवलेली नाही. आमच्या गावात आजही कोंबडी हरवली की पहिली नजर भिलाटीकडे जाते, आणि ती नजर पोलिसाची असण्याआधी आमची असते.

ती दोन पोरं शुक्रवारी दुपारी गेली ती शनिवारी अंधार पडल्यावर आली. अटक नव्हती, नोंद नव्हती. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं असतं हे मलाही पाठ आहे, पण नोंदच नसली की चोवीस तास मोजायला सुरुवात कुठून करायची? मी काय केलं, तर पोलीस पाटलाला फोन केला. तो म्हणाला बघतो. त्याने काही पाहिलं की नाही माहीत नाही. मी स्वतः ठाण्यात जाऊन 'आम्हाला चोर माहीत आहे' म्हणालो नाही. नाशिकची गाडी दीडची होती, ती मी सोडली आणि दुसऱ्या दिवशीची पकडली, एवढाच माझा पराक्रम. आप्पांना म्हटलं, आता तरी सांगू या. ते चिडले. "आते सांगीसन काय फायदा? माले खोटं पाडतीन." त्यातली गोम माझ्या नंतर लक्षात आली. पहिलं खोटं कागदावर गेलं होतं. सही नसली तरी गेलं होतं.

त्या पोरांतलं एक आमच्याच शेतात फरदडीचा कापूस वेचायला येतं. रविवारी सकाळी तो आला. उशिरा आला, चालताना डावा पाय जपत होता. काकूने विचारलं, "मारलं का रे?" तो म्हणाला, "नही," आणि ओळीला लागला. त्याचाही कोणावर संशय नव्हता.

रेल्वेत मला राईनपाडा आठवत राहिलं. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा रविवार. भिक्षा मागत फिरणारे पाच जण, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, मुलं पळवणारी टोळी म्हणून गावाने ठेचून मारले. तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेने हे झालं असं आपण म्हणतो आणि मोबाईलला दोष देऊन मोकळे होतो. पण त्या दुपारी शेकडो माणसांपैकी कुणाला असं का वाटलं नाही की यांना कोंडून ठेवू, पोलीस येतील, चौकशी होईल, खरं-खोटं कळेल? वाटलं असेलही एखाद्याला. पण त्याचं बोलणं कोणी ऐकावं इतका 'पोलीस येतील, बघतील' या शब्दांत दम नव्हता. आमच्या आप्पांसारखेच तेही लोक असणार, पोलीस काही करणार नाहीत याची खात्री असलेले. आप्पांनी त्या खात्रीपायी खोटं सांगितलं. तिथे पाच जीव गेले. दोन्ही गोष्टी मी एका दमात लिहितोय, हे कुणाला अति वाटेल. मलाही वाटलं होतं.

आणि उलट बाजूचं धुळं. ६ जानेवारी २०१३. हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण, दगडफेक, मग पोलिसांचा गोळीबार, सहा जण मेले. नंतर काही पोलीसच तोडफोड करताना मोबाईलच्या चित्रफितींत दिसले आणि काहींना अटक झाली. मी तेव्हा देवपुरात भाड्याच्या खोलीत राहायचो. पांझरा नदीच्या या काठाला संचारबंदीची शांतता, दूधवाला दुपारी दोनला यायचा एवढाच त्रास. माझा वर्गमित्र पलीकडच्या, गोळीबाराच्या काठाला. खूप वर्षांनी तो आणि मी मोटारसायकलवरून जाताना चौकात हवालदाराने हात केला. पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "पोलीस दिसला की तुला काय आठवतं?" मी म्हटलं, लायसन्स घरी राहिलंय की काय ते. तो हसला. "मला आमची गल्ली आठवते." पुढे आम्ही सिनेमाविषयी बोललो.

असं झालं की शांतता समितीच्या बैठका होतात. मी एकदा बसलोय त्यात, गणपतीच्या आधी. पांढरे कपडे, पुढच्या रांगेतल्या त्याच खुर्च्या, तेच सात-आठ भाषणवाले, वेलची घातलेलं सरबत. ज्याच्या हातात डीजेची बटणं असतात तो पोरगा बैठकीला नसतो, आणि ज्या गल्लीतून मिरवणूक जायची तिथली बाईही नसते. भिवंडीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्यांत बीटवरच्या शिपायाला मधोमध बसवलं, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी पेटली नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येक सरकारी भाषणात येतं. शिपाई मधोमध बसवायचा भाग मात्र पुढे कोणाला फारसा आवडला नसावा. तंटामुक्तीचंही तसंच. १५ ऑगस्ट २००७ ला मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या गावानेही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात पाटी रंगवली, अजून आहे, 'तंटा' मधला अनुस्वार उडालाय. तंटे मिटले. कसे मिटले, तर ज्याची बाजू लंगडी त्याला चार जणांनी बसवून गप्प केलं. कोर्टाची तारीख वाचली हे खरं, आणि काहींची जमीन गेली हेही खरं.

माझी भाची त्याच जानेवारीत शाळेच्या सहलीने ठाण्यात जाऊन आली होती. २ जानेवारी महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन, त्या आठवड्यात मुलांना ठाणं दाखवतात. तिला बंदूक हातात धरू दिली, बिनतारी यंत्र दाखवलं, लॉकअप दाखवलं. मी विचारलं, काय आवडलं? बंदूक. काय नाही आवडलं? "लॉकअपला वास येतो." मुलांना कधी स्टेशन डायरी दाखवत असतील का, हा वेडगळ प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. त्या ठाण्यात जे घडतं ते तासातासाला ज्या वहीत लिहायचं असतं ती वही. हिच्यात लिहिलं की झालं, नाही लिहिलं की नाही झालं, असं एखाद्या सहावीच्या मुलीला सांगणारा हवालदार मला भेटायचाय.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. बाजारच्या दिवशी स्टँडबाहेर रसवंतीपाशी तो जमादार दिसला, साध्या कपड्यांत. मी ओळखलं नसतं, त्यानेच हाक मारली. "आप्पांची मोटार चालू झाली का?" रस पिता पिता सांगत होता, बंदोबस्तावरून बंदोबस्तावर, महिनाभर सुट्टी नाही, पोरीला ताप होता तेव्हा हा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे मोजत होता. केबलीचं प्रकरण 'अ समरी'त जाईल म्हणाला. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. मग ग्लास खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, "तुमच्या भाऊबंदाने मोटारसायकल घेतली ना नवी?"

मला घाम फुटला. फौजदारी डाळीचा. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. मी पाच घरी गेलो. पाची घरी चहा झाला. पाची घरी संशय नाही." मग मी ती दोन पोरं काढली. तो गप्प झाला. "ते माझ्याकडे नव्हतं," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण मला माहीत होतं." रसाचे पैसे कोणी द्यायचे यावरून आमची झटापट झाली. त्याने दिले. पोलिसाने माझे पैसे देण्याची ती पहिलीच वेळ. मला ते चांगलं वाटलं आणि चांगलं वाटल्याची लाजही वाटली, कारण त्या पोराचा डावा पाय मला दिसत होता. त्याची गाडी लागली, तो गेला. छातीवर नावाची पट्टी जानेवारीत होती, तेव्हा वाचली नाही. आज साधा शर्ट होता.

रात्री आप्पांना सांगितलं. जमादाराला सगळं ठाऊक होतं म्हणून. ते काही बोलले नाहीत. त्यांनी विहिरीवर या वेळी अॅल्युमिनियमची केबल टाकलीय. स्वस्त, तापते, टिकत नाही. "हाई कोनीबी चोरत नही," हा एकच गुण. पेटीची तार बांधायची पद्धतही बदललीय, मी पाहून आलो, आता चार वेढे आहेत आणि टोक बाहेर. जेवण झालं, काकूने भांडी मोरीत नेली. आप्पा बाजेवर आडवे झाले. मला वाटलं झोपले. अंधारातून आवाज आला.

"पारोळाकडला म्हने ना तो?"

"हो."

"कोना पोऱ्या व्हई रे?"